जुनी गिटार, जाड तारा आणि स्प्रिंगचा ओला नाद

सर्फ संगीत, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जन्मलेले गिटारप्रधान संगीत, वाजवायचे म्हणून जुनी इलेक्ट्रिक गिटार शोधायला निघालेला माणूस बहुधा चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. तो आधी गिटारीचे साल विचारतो, मग रंग, मग किंमत. आणि ती घरी आली की सवयीच्या पातळ तारा चढवून, ॲम्पमधल्या (आवाज वाढवणाऱ्या यंत्रातल्या) रिव्हर्बचा, म्हणजे घुमाऱ्याचा, नॉब शेवटपर्यंत फिरवून, ध्वनिमुद्रिकेवर ऐकलेला तो नाद आपल्या हातून का निघत नाही, या विचारात पडतो. मीही असाच पडलो होतो. माझ्या पहिल्या जुन्या गिटारीची तार जोरात छेडली की ब्रिजवरून (बॉडीवर तारा टेकतात त्या आधारावरून) उडत असे, आर्म, म्हणजे सूर हलवायची दांडी, दाबून सोडला की सूर जागेवर परत येत नसे, आणि जवळजवळ दोन वर्षे मी त्या वाद्याची जातच वाईट आहे असे समजून चाललो होतो. मग एका जाणत्या वादकाने तिच्यावर ०.०१२ इंचापासून सुरू होणारा जाड तारांचा संच चढवला, मानेच्या खाचेत पुठ्ठ्याचा एक पातळ तुकडा सरकवला आणि गिटार माझ्या हातात परत दिली. लाकूड तेच, तारांचा कंप टिपणारे पिकअप तेच, पण तारा उडेनात आणि सूर ढळेना.

पुढे लिहिलेली सगळी कृती त्या एका अनुभवावर उभी आहे. १९५८ ते १९६५ या काळात घडलेल्या या गिटारी जाड तारा, ताकदवान पण स्वच्छ आवाजाचा ॲम्प आणि जोरकस उजवा हात गृहीत धरून आखलेल्या होत्या. त्यांना ते तिन्ही परत मिळाले की त्यांच्या नावावर खपणारे बहुतेक दोष नाहीसे होतात. म्हणूनच त्या गिटारी सुधारण्याच्या भरीस पडण्याआधी त्या मुळात कशासाठी होत्या, हे समजून घ्यावे.

आधी कान तयार करावा

खरेदीपूर्वी काही आठवडे केवळ ऐकण्यात घालवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. सर्फ संगीत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६१ च्या सुमारास आकाराला आले, पण त्याची भाषा त्याआधीच तयार होत होती. ड्वेन एडी या अमेरिकी गिटारवादकाने १९५८ साली मुख्य धून खर्जाच्या तारांवर उतरवली आणि गिटार पातळ, उंच स्वरातच गायली पाहिजे हा समज मोडला. त्याच्या त्या ध्वनिमुद्रणांतला घुमारा फिनिक्समधील स्टुडिओत पाण्याच्या एका मोठ्या रिकाम्या टाकीतून मिळवलेला होता. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथील द व्हेंचर्स या चमूने १९६० साली जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवादकाची 'वॉक, डोन्ट रन' ही रचना दोन गिटारी, बास आणि ड्रम्स यांच्या चौकटीत बसवली आणि ती अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये द शॅडोज हा चमू गाजत होता. त्यांच्यातील हँक मार्विनच्या गिटारीवरील परिणाम मात्र टेप एकोचा आहे, रिव्हर्बचा नव्हे, आणि हा फरक कानाला कळेपर्यंत पुढे जाऊ नये. एकोमध्ये वाजवलेला स्वर सुटा सुटा, मोजता येईल असा परत येतो. स्प्रिंगच्या रिव्हर्बमध्ये तो मोजता येत नाही, तो पसरतो, थरथरतो आणि आघात तीव्र असेल तर पाण्याचा थेंब पडल्यासारखा टपकतो.

यानंतर गिटारवादक डिक डेल ऐकावा. कॅलिफोर्नियातील बाल्बोआ येथील राँदेव्हू बॉलरूममध्ये १९६१ साली त्याच्या कार्यक्रमांना तरुणांची जी गर्दी लोटू लागली, तिथून या संगीताला नाव आणि चेहरा मिळाला. गंमत अशी की त्या वर्षीच्या त्याच्या 'लेट्स गो ट्रिपिन' या ध्वनिमुद्रणात आज ज्याला सर्फचा ओला, म्हणजे रिव्हर्बने भिजलेला, नाद म्हणतात तो नाहीच. तिथे आहे तो केवळ हाताचा जोर. १९६२ सालचे 'मिसर्लू' त्याच्यापाठोपाठ ऐकले की हाताने काय केले आणि यंत्राने काय केले, हे वेगवेगळे कळू लागते. शेवटी १९६३ सालचे द शॅन्टेज या शाळकरी मुलांच्या चमूचे 'पाइपलाइन' ऐकावे. खर्जाच्या तारेवरून खाली घसरत येणारी सुरुवात, तळव्याने दाबलेल्या तारांचा टपटपाट, बासची स्वतंत्र चाल आणि संयम या सगळ्यांचा त्यात एकाच ठिकाणी परिचय होतो.

कोणती गिटार

स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली, जॅझमास्टर १९५८ साली आणि जॅग्वार १९६२ साली. तिन्ही फेंडर या अमेरिकी कंपनीच्या, आणि सर्फचा बहुतेक मूळ नाद या तिघींमधून निघालेला आहे. जॅझमास्टर नावाप्रमाणे जॅझवादकांसाठी काढली होती. त्यांनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही आणि किनाऱ्यावरच्या पोरांनी तिला उचलून घेतले. डिक डेल स्वतः स्ट्रॅटोकास्टर वाजवी आणि तीही डाव्या हाताने, तारांचा क्रम उजव्या हाताच्या वादकासारखाच ठेवून, म्हणजे खर्जाची तार खालच्या बाजूला येईल अशी.

निवड करताना मानेची लांबी आणि तारांचा ताण यांचा विचार सर्वांत आधी करावा. स्ट्रॅटोकास्टर आणि जॅझमास्टर यांच्या तारेची मोकळी लांबी २५.५ इंच आहे, जॅग्वारची २४ इंच. लांबी कमी म्हणजे त्याच सुराला ताण कमी, म्हणून जॅग्वारवर जाड तार बोटांना सोसते आणि पातळ तार मात्र रबरासारखी लोळते. लहान हाताच्या किंवा नुकत्याच जाड तारांकडे वळलेल्या वादकाने जॅग्वारपासून सुरुवात केली तर बोटे लवकर रुळतात. माझा स्वतःचा कल जॅझमास्टरकडे आहे, कारण तिच्या रुंद, चपट्या पिकअपमधून चमकेबरोबर थोडे अंगही मिळते. व्हेंचर्समुळे प्रसिद्ध झालेली मोझराइट ही कॅलिफोर्नियातील सेमी मोझली याची निर्मिती. तिची मान सडपातळ, फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या सळया, अगदी बुटके आणि पिकअप जोरकस. जिला बोटे हलकी लागतात अशी ती गिटार आहे, आणि जोराने दाबणाऱ्याच्या हातात ती बेसूर वाटते. लाकडी चौकटीवर मॅसोनाइटचे, म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंचे, पत्रे आणि लिपस्टिकच्या नळ्यांत बसवलेले पिकअप असलेली डॅनइलेक्ट्रो ही मात्र साध्यात साधी सामग्री किती सुरेल होऊ शकते याचा उत्तम नमुना आहे.

नाद हवा असेल तर जुनीच गिटार हवी असे नाही. या रचनांच्या आजच्या आवृत्त्याही त्याच सामग्रीने त्याच रीतीने वाजतात. जुनी गिटार घ्यायची ती तिच्यावर जीव जडला म्हणून घ्यावी, आणि जीव जडलेला माणूस सहज फसतो, म्हणून पुढचा भाग सावकाश वाचावा.

जुनी गिटार तपासताना

फेंडरच्या जुन्या गिटारीचे साल ठरवताना मान जोडलेली असते तिथल्या मागच्या धातूच्या पट्टीवरच्या क्रमांकावर विसंबू नये. पट्टी चार स्क्रूंची असते आणि ती कोणत्याही गिटारीवरून काढून कोणत्याही गिटारीवर बसवता येते. मान सोडवून तिच्या टाचेवरचा, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा, पेन्सिलीचा किंवा शिक्क्याचा दिनांक पाहावा, नंतर आतल्या पॉटवरचा (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) आकडा वाचावा. हा आकडा १९६० च्या दशकात सात अंकी असतो: पहिले तीन अंक पॉट बनवणाऱ्या कारखान्याचे, पुढचे दोन सालाचे आणि शेवटचे दोन त्या वर्षातील आठवड्याचे. ३०४६३२० असा आकडा असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल हा कारखाना, साल १९६३ आणि आठवडा २०वा. १३७ ने सुरुवात असेल तर तो सीटीएस या दुसऱ्या कारखान्याचा. त्या दिनांकाच्या आधी ती गिटार पूर्ण झालेली असू शकत नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. पॉट महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे कपाटात पडून राहत, म्हणून मानेचा दिनांक पॉटपेक्षा पुढचा असला तर दचकू नये. मान, पॉट आणि पिकअप यांपैकी एकच जण इतरांपासून चार-पाच वर्षे दूर असेल तर मात्र विक्रेत्याला प्रश्न विचारावा.

मानेवरची, बोटे जिथे तारा दाबतात ती लाकडी पट्टीही साल सांगते. १९५९ ते १९६२ च्या मध्यापर्यंत रोझवूडची पट्टी जाड आणि तळाशी सपाट असे. त्यानंतर ती पातळ आणि मानेच्या गोलाईला धरून वळवलेली आली. टाचेच्या बाजूने पाहिले की हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. तिच्यावरचे खुणेचे ठिपके १९६४ च्या अखेरीपर्यंत मळकट, मातीच्या रंगाचे असत, नंतर मोत्यासारखे चमकणारे झाले. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली, आणि जॅझमास्टर व जॅग्वारच्या मानेला कडेची पट्टी व त्यानंतर १९६६ मध्ये चौकोनी खुणा आल्या. विक्रीपूर्वीच्या गिटारींना बाजारात देवत्व दिले जाते. मी १९६६ सालची एक गिटार अनेक वर्षे वाजवली आहे आणि त्या देवत्वाशी माझे मतभेद आहेत.

रंग मूळ आहे की नंतर दिलेला, हे ओळखण्यासाठी पिकगार्ड (बॉडीवरचे संरक्षक आवरण) काढून खाली पाहावे. त्या काळी रंग देताना बॉडी टेबलापासून वर धरून ठेवण्यासाठी तिला बारीक खिळे मारत, आणि रंग वाळल्यावर ते काढत. त्यामुळे १९६४ पर्यंतच्या मूळ रंगाच्या बॉडीवर या खिळ्यांची छिद्रे कोरी, रंग न उतरलेली दिसतात. छिद्रांत रंग असेल किंवा छिद्रेच नसतील, तर बॉडी पुन्हा रंगवलेली आहे असे धरून चालावे. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाचा दिवा फिरवला की जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर फिकट पिवळसर-हिरवट उजळते आणि नंतर लावलेले डाग काळपट उठून दिसतात. एवढे सगळे सांगूनही माझा सल्ला असा आहे की वाजवण्यासाठी गिटार घेणाऱ्याने पुन्हा रंगवलेलीच शोधावी. रंग बदलला की संग्राहक पाठ फिरवतो आणि किंमत बरीच खाली येते, पण पिकअपला रंगाची खबर नसते.

जे खरोखर महागात पडते ते वेगळेच असते. मानेचा पीळ डोक्याच्या टोकाकडून बॉडीकडे एका डोळ्याने पाहून तपासावा. पीळ गेलेली मान घेऊ नये. ट्रस रॉडची (मानेच्या आतल्या, तिचा वाक सांभाळणाऱ्या सळईची) मोकळीक राहिली आहे का, हे विचारून नव्हे, फिरवून पाहावे. पिकअप बंद असेल तर तो पुन्हा गुंडाळता येतो, फ्रेट झिजले असतील तर बदलता येतात, खुंट्या मिळतात. आणखी एक गोष्ट कागदोपत्री आहे. अनेक जुन्या गिटारींवर ब्राझिलियन रोझवूड असते, आणि हे लाकूड १९९२ पासून संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्यामुळे अशी गिटार देशाची सीमा ओलांडून विकत घ्यायची तर परवान्यांची पूर्तता आधी करावी, पैसे नंतर द्यावेत.

तारा आणि जुळणी

आता मुख्य कामाकडे येऊ. जॅझमास्टर किंवा जॅग्वार घेतली असेल तर ०.०११ किंवा ०.०१२ इंचापासून सुरू होणारा संच घ्यावा, आणि शक्य असल्यास फ्लॅटवाउंड, म्हणजे ज्यांच्यावर गोल तारेऐवजी चपट्या पट्टीचे वेष्टण असते अशा तारा. त्या बोटाखाली गुळगुळीत लागतात, घसरताना करकरत नाहीत आणि तळव्याने दाबल्यावर त्यांचा आघात लाकडी ठोक्यासारखा आखूड येतो. अशा संचातील तिसरी तारही वेष्टणाची असते. ती साधी ठेवू नये, कारण जाड साध्या तिसऱ्या तारेचा सूर फ्रेटवर दाबताच चढतो. डिक डेलच्या संचात सर्वांत पातळ तार ०.०१६ इंचाची आणि खर्जाची ०.०६० इंचाची होती. त्याचे कौतुक करावे, अनुकरण करू नये. साठ वर्षांहून जुनी मान तो ताण मुकाट्याने सहन करील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

जाड तारा चढवल्या की मान पुढे वाकते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, मान जिथे बॉडीला मिळते तिथे तार दाबावी आणि सातव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतील फट पाहावी. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. या गिटारींमध्ये ट्रस रॉडचा नट मानेच्या टाचेकडे असल्याने तो फिरवण्यासाठी तारा सैल करून मान सोडवावी लागते. काम कंटाळवाणे आहे. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नये आणि प्रत्येक वेळी सुरात लावून पुन्हा मोजावे.

मान सोडवलेलीच आहे तर खाचेत तुकडा घालण्याची हीच वेळ. जॅझमास्टरची तार ब्रिजवरून उडते, कारण ब्रिजच्या मागे ती टेलपीसकडे (तारांची टोके अडकवलेल्या भागाकडे) फार उथळ कोनात जाते आणि ब्रिजवर पुरेसे दाबून बसत नाही. मानेच्या खाचेत पिकअपकडच्या टोकाला साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा कडक पुठ्ठा किंवा लाकडाची पाचर ठेवली की मानेचे डोके किंचित मागे झुकते. मग तारा फ्रेटवर घासू नयेत म्हणून ब्रिज वर उचलावा लागतो, आणि ब्रिज उचलला की मागचा कोन वाढतो. कोन वाढला की दाब वाढतो आणि तार खाचेत बसते. कारखान्यातही असे तुकडे घातले जात, त्यामुळे यात गिटारीचा अपमान होतो असे मानण्याचे कारण नाही.

ब्रिज दोन टोकदार पायांवर धातूच्या वाट्यांमध्ये उभा असतो आणि तो डुलतो. हे डुलणे दोष नाही. आर्म दाबला की तारांबरोबर ब्रिज झुकावा आणि सोडला की त्यांच्याबरोबरच परत यावा, म्हणजे तार घासली जात नाही आणि सूर टिकतो, अशी ती योजना आहे. पायांभोवती कागद किंवा टेप गुंडाळून ब्रिज घट्ट करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आर्म वापरणाऱ्याने तो ऐकू नये. ब्रिजची उंची पायांतील स्क्रूंनी ठरवावी, प्रत्येक तारेखालच्या बारीक स्क्रूंना शक्य तितके कमी हात लावावेत, आणि ते वाजण्याच्या कंपाने सैल होत असतील तर त्यांच्या आट्यांना थेंबभर स्क्रू-लॉक (स्क्रू धरून ठेवणारा चिकट द्रव) लावावा. आर्म न वापरता ब्रिज सरळ उभा आहे, पुढेमागे कललेला नाही, याची खात्री करावी.

टेलपीसवरच्या लहान सरकत्या बटणाचा उपयोग पुष्कळांना ठाऊक नसतो. गिटार सुरात लावावी, मग टेलपीसच्या मध्यावरील स्क्रू फिरवत फिरवत अशी जागा शोधावी की ते बटण तारांच्या सुराला धक्का न लावता आत सरकते. अशी जुळणी असेल तर कार्यक्रमात तार तुटल्यास बटण सरकवून टेलपीस अडवता येतो आणि उरलेल्या पाच तारा सुरात राहतात. नटच्या, म्हणजे मानेच्या डोक्याशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा जाड तारांना पुरतील एवढ्या रुंद करून घ्याव्यात आणि त्यात पेन्सिलीचे शिसे घासावे; सूर जागेवर न येण्याचे कारण ब्रिजपेक्षा नटमध्ये अधिक वेळा सापडते.

जाता जाता एक सूचना: जॅझमास्टर आणि जॅग्वारच्या वरच्या कडेला एक स्विच आणि दोन लहान चाके असतात. तो वेगळ्या, मऊ आवाजाचा मार्ग आहे. स्विच त्या बाजूला सरकलेला आणि चाके शून्यावर असली तर गिटार मुकी वाटते, आणि अशा 'मेलेल्या' गिटारी दुरुस्तीला आलेल्या मी पाहिल्या आहेत. तसेच आतले एक मेगओहमचे पॉट बदलून २५० किलोओहमचे बसवू नयेत. काचेसारखी जी चमक हवी आहे ती त्यांच्यामुळेच टिकते.

रिव्हर्ब आणि ॲम्प

फेंडरने १९६१ साली रिव्हर्बची स्वतंत्र पेटी काढली. तिचा सर्किट क्रमांक ६जी१५. सर्फचा ओला नाद म्हणजे प्रामुख्याने ही पेटी. तिच्यात गिटारीचा संकेत एका व्हॉल्व्हने (काचेच्या निर्वात नळीने) बळकट करून लांब स्प्रिंगांच्या एका टोकाला पोहोचवला जातो, स्प्रिंगांत तो कंप होऊन पळतो, टोकावर आपटून परततो आणि दुसऱ्या टोकाची कॉइल त्याला पुन्हा विद्युत संकेतात बदलते. ॲम्पमध्येच बसवलेल्या रिव्हर्बपेक्षा ही पेटी दोन बाबतींत वेगळी आहे. पहिली बाब जागेची: ती गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये जोडली जाते, म्हणून स्प्रिंगांचा नाद ॲम्पच्या सगळ्या टप्प्यांतून जातो आणि मूळ स्वराशी एकजीव होतो. दुसरी बाब ताकदीची: स्प्रिंगांना ढकलण्यासाठी तिच्यात खास व्हॉल्व्ह आहे आणि तो किती जोराने ढकलावा, हे ड्वेल नावाच्या नॉबने ठरवता येते.

ड्वेल म्हणजे रिव्हर्ब किती मिसळला जातो ते नव्हे; ते काम मिक्सर हा दुसरा नॉब करतो. ड्वेल वाढवला की स्प्रिंगा ताणाखाली येतात आणि दाबलेल्या तारांवरील आखूड आघातांना तो टपकणारा स्वभाव येतो. सुरुवातीला ड्वेल निम्म्याच्या किंचित वर, मिक्सर निम्म्याच्या किंचित खाली आणि टोन निम्म्याच्या वर ठेवावा. मग खर्जाच्या तारेवर तळवा टेकवून तोडून तोडून वाजवावे आणि टपटप ऐकू येईपर्यंत केवळ ड्वेल वाढवावा. मिक्सर सर्वांत शेवटी. नवशिका वादक मिक्सरच आधी वाढवतो, आणि मग धून दूरच्या विहिरीतून आल्यासारखी वाटते.

पेटी ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नये. स्पीकरच्या हादऱ्याने स्प्रिंगा कंप पावतात आणि आवाज घुमत जाऊन शीळ सुरू होते. शेजारी स्टुलावर, खाली फोमचा तुकडा घालून ठेवावी. पेटी न परवडल्यास स्प्रिंगची नक्कल करणारे पेडलही चालते. त्यातही ड्वेलचा वेगळा नॉब आहे का, एवढे पाहून घ्यावे.

ॲम्पकडून येथे फाटका आवाज अपेक्षित नाही. डिक डेलच्या जोरासमोर स्पीकर टिकेनात, तेव्हा त्याच्यासाठी लिओ फेंडरने जो शोमन ॲम्प घडवला तो पंधरा इंची जेबीएल स्पीकरसह होता, आणि उद्देश हाच होता की आवाज मोठा झाला तरी तो स्वच्छ राहावा. घरी वाजवताना लहान ॲम्प चालतो, पण व्हॉल्यूम तो फाटू लागण्याआधी थांबवावा, ट्रेबल चढता ठेवावा, बास मर्यादेत ठेवावा आणि ॲम्पचा स्वतःचा रिव्हर्ब बंद करावा. दोन रिव्हर्ब एकमेकांत गेले की चिखल होतो.

जुना व्हॉल्व्ह ॲम्प मिळाला तर उत्साहाच्या भरात त्याची वायर भिंतीत लावू नये. त्यातील कपॅसिटरांत ४०० व्होल्टपेक्षा अधिक दाब साठलेला राहू शकतो आणि वायर काढल्यानंतरही तो जीवघेणा असतो. अमेरिकेत विकलेला ॲम्प सुमारे ११७ व्होल्टवर चालतो. २२० ते २४० व्होल्टच्या देशात त्याला योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. जुनी दोन तारांची वायर काढून अर्थिंगसह तीन तारांची बसवून घ्यावी, वाळलेले कपॅसिटर बदलून घ्यावेत, आणि हे काम व्हॉल्व्ह ॲम्प हाताळणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प कधीही चालू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

उजवा हात

एवढी सामग्री जुळली तरी सर्फ हे उजव्या हाताचेच संगीत आहे. जाड प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) घ्यावे, टोक बोटांबाहेर थोडेच ठेवावे आणि खाली-वर असा आघात अखंड चालू ठेवावा. सतार ऐकणाऱ्याला 'दिर दिर' हा बोल आठवेल. मेट्रोनोम ७० वर ठेवून प्रत्येक ठोक्याला चार आघात एका सुट्या तारेवर पाच मिनिटे वाजवावेत. हात आखडला की वेग कमी करावा, जोर कमी करू नये. जोर कायम ठेवून हळूहळू वाढवत न्यावे. मला १५० पर्यंत पोहोचायला कित्येक महिने लागले.

यानंतर 'मिसर्लू'चे स्वर घ्यावेत. ही पूर्व भूमध्य प्रदेशातील जुनी धून. डिक डेलच्या वडिलांचे घराणे लेबनानी, त्यामुळे ती त्याच्या कानावर लहानपणापासून होती. ई हा षड्ज मानला तर तिचे स्वर ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी शार्प असे येतात, म्हणजे कोमल ऋषभ आणि कोमल धैवत, बाकी शुद्ध. हा आपला भैरव थाट आहे, आणि मराठी कानाला या धुनेची ओढ का लागते, हे त्यातून कळते. स्वर एकाच खर्जाच्या तारेवर, मुक्त तारेपासून सुरू करून वर सरकत काढावेत आणि प्रत्येक स्वरावर दुहेरी आघात अखंड ठेवावा. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना उजवा हात थांबत असेल तर डावा हात उशिरा पोहोचतो आहे, असे समजावे.

खाली घसरणारी सुरुवात साधायची तर खर्जाच्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर बोट ठेवून दुहेरी आघात चालू ठेवतच बोट नटकडे खेचत न्यावे. बोटाचा दाब शेवटपर्यंत सुटू देऊ नये. आर्म मात्र बेताने वापरावा. तो उजव्या हाताच्या खालच्या बोटांत सैल धरून वाक्याच्या शेवटच्या लांब स्वराला हलका झोका द्यावा. प्रत्येक स्वराला झोका दिला की धून आजारी वाटू लागते.

चौघांत वाजवताना

चमूत दुसरी गिटार तालासाठी असते आणि तिचे काम कमी समजले जाते. तिने तळव्याने दाबलेले आखूड स्वर वाजवावेत, शक्यतो मानेकडच्या पिकअपवर, आणि ए मायनर, जी, एफ, ई अशी उतरती कॉर्डमाला आली की बासच्या पायात पाय घालू नये. ड्रम्सवर पहिल्या मात्रेला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), दुसऱ्या मात्रेत स्नेअरचे (काठीने वाजवायच्या खणखणीत ड्रमचे) दोन आघात, तिसऱ्याला किक आणि चौथ्याला स्नेअरचा एक आघात, ही सर्फची ओळखीची चाल आहे; 'धम् टक्-टक् धम् टक्' असे तोंडाने म्हणून सगळ्यांनी ती आधी बसवावी. रिव्हर्बची पेटी केवळ मुख्य गिटारीला द्यावी. ताल धरणारी गिटार कोरडी किंवा जेमतेम ओली राहिली, म्हणजे पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या श्रोत्यालाही टपकणारा प्रत्येक थेंब वेगळा ऐकू येतो.